एसयूव्हीला ऑल-टेरेन टायर घेताना: पुण्यातल्या नवख्यांसाठी, खिसा सांभाळून

एसयूव्ही दारात आली की तीन-चार महिन्यांत मालकाची नजर टायरवर जाते. शेजारच्या थारचे टायर कसे राकट, आणि आपल्या गाडीचे मात्र सेडानला शोभतील असे. मग रात्री जेवणं उरकली की मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. मीही त्यातून गेलोय. माझ्याकडे सेकंडहँड डस्टर आहे, टू-व्हील ड्राइव्ह. राहायला बावधन, ऑफिस हिंजवडी आणि सासुरवाडीचं शेत वेल्ह्याच्या पुढे. आतापर्यंत तीन सेट घालून झाले. पहिला चुकला, दुसरा ठीक होता, तिसऱ्यावर मी खूश आहे. पहिल्या सेटमध्ये माझे गेले तसे तुमचे पैसे जाऊ नयेत, म्हणून हे सगळं क्रमाने मांडतोय.

१. दुकानाआधी वही

महिनाभर गाडीत एक छोटी वही ठेवा. डांबर संपलं की ओडोमीटरचा आकडा लिहायचा, परत डांबर लागलं की पुन्हा लिहायचा. बास, एवढंच. माझी समजूत होती की माझी गाडी निम्मीशिम्मी कच्च्यावरच चालते. महिनाअखेर बेरीज केली तर एकूण १,१४० किलोमीटर आणि त्यात कच्चे फक्त ४६. शंभरातले चार. बायकोला आकडा दाखवला तर ती म्हणाली, "आणि त्या चारासाठी तू महिनाभर यूट्यूब बघतोयस?"

इथे बरेच जण एक घोळ करतात. ताम्हिणी, वरंध, दिवे घाट, सिंहगडाचा रस्ता हे सगळं कच्च्यात धरतात. हे घाट पक्के आहेत. खड्डे असतील, पावसात दरड येईल, पण चाकाखाली डांबर किंवा काँक्रीटच असतं. खड्ड्यात टायरची नक्षी काही कामाची नाही. तिथे कामाला येते सायडवॉलची उंची, म्हणजे रिम आणि जमीन यांच्यामध्ये किती रबर आहे ते. नुसत्या खड्ड्यांना कंटाळून एटी, म्हणजे ऑल-टेरेन टायर घ्यायला निघाला असाल तर आधी हवा तपासा, मग शॉकअप दाखवा.

वहीत आकड्याशेजारी जमीन कसली होती तेही लिहा, कारण पुण्याच्या चारही दिशांना माती वेगळी आहे. पश्चिमेला मुळशी, वेल्हे, भोर, मावळ या बाजूला मुरूम आणि बसाल्टचा दगड. मुरूम कोरडा असताना कुठलाही टायर चालतो. ओला झाला आणि त्यात चढ असला की पकड लागते. दगडाची धार मात्र बारा महिने सायडवॉलच्या मुळावर उठलेली असते. घाट उतरून कोकणात गेलात तर जांभ्याची लाल माती, पावसात साबणासारखी. पूर्वेला सासवड ओलांडून सुपे, बारामती, इंदापूरकडे काळं रान. या काळ्या मातीबद्दल सांगून ठेवतो: ती ओली असेल तर एटी टायरसुद्धा दोन मिनिटांत पुरणपोळीच्या पुरणासारखा लडबडतो, नक्षी भरून जाते आणि चाक नुसतं जागेवर फिरतं. तिथे टायरवर पैसे घालण्यापेक्षा बांधावर गाडी लावून चालत जावं. काकडे असोत की जाधव, त्या भागातला कुठलाही शेतकरी हेच सांगेल.

वही भरली की निर्णय सोपा होतो. माझा अंदाज असा, आणि हा अनुभवाचा अंदाज आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. शंभरात दोन-तीनच्या खाली आणि तेही कोरडा मुरूम असेल तर एटी घेऊच नका, चांगला हायवे टायर घ्या. पाच ते वीसच्या मध्ये असाल तर सौम्य एटी. त्याच्या पुढे, म्हणजे रोज खाणीवर, फार्महाउसच्या साइटवर किंवा दर शनिवार-रविवार घसाऱ्यावर जाणारे असाल तर राकट एटीचा विचार करा. मी स्वतः चारवर आहे, तरी सौम्य एटी घेतो, कारण माझे ते ४६ किलोमीटर जवळजवळ सगळे दगडाचे आहेत.

२. अक्षरं आणि नक्षी

दुकानात तीन शब्द कानावर पडतील. एचटी म्हणजे हायवे टेरेन: बंद नक्षी, आवाज कमी, पावसात ब्रेक चांगला. एमटी म्हणजे मड टेरेन: मोठे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये बोट जाईल एवढ्या फटी. एमटी हा बजेटमध्ये एकच गाडी असलेल्या माणसाचा टायर नव्हे, त्यामुळे त्याच्यावर इथेच पडदा टाकू. एटी म्हणजे ऑल टेरेन, या दोघांच्या मधला.

खरी गंमत अशी की एटी या दोन अक्षरांखाली फार वेगवेगळे टायर विकले जातात. काही निम्मे एचटीच असतात, नुसत्या खांद्यावर दोन दात काढलेले. काही जवळजवळ एमटी. त्यामुळे नावावर जाऊ नका, हात फिरवून बघा.

ठोकळ्यांच्या मधली फट किती रुंद आहे ते बघा. फट जितकी जास्त तितका चिखल बाहेर फेकला जातो, पण तितकंच डांबराला टेकणारं रबर कमी होतं. मग ठोकळ्याच्या अंगावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा आहेत का बघा. त्या चिरा ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर फोडतात. पुण्यात हे फार महत्त्वाचं आहे आणि नेमकं हेच कोणी विचारत नाही. जून ते सप्टेंबर आपण चिखलात किती वेळ असतो आणि ओल्या रस्त्यावर किती वेळ? कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना, पाऊस लागलेला, मागे भरलेला ट्रक आणि पुढचा अचानक थांबला, तर तिथे कामाला येतो ओल्यातला ब्रेक. माझा पहिला सेट दिसायला एकदम दांडगा होता. ठोकळे मोठे, चिरा नावाला. पहिल्याच पावसाळ्यात त्या उतारावर ब्रेक मारला, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) पायाखाली थडथडली आणि माझी गाडी पुढच्या गाडीपासून जेमतेम हातभर अंतरावर थांबली. त्या दिवसापासून टायर निवडताना मी आधी चिरा मोजतो, मग ठोकळे.

तिसरी गोष्ट सायडवॉलवर बारीक अक्षरांत असते: ट्रेडमध्ये, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात, किती थर आणि सायडवॉलमध्ये किती. सायडवॉलला एक थर, दोन थर किंवा क्वचित तीन थर पॉलिस्टर लिहिलेलं असतं. दगडाचा रस्ता असेल तर निदान दोन बघा. मापाच्या आधी किंवा शेवटी 'एलटी' असेल तर तो हलक्या मालवाहू गाड्यांच्या जातीचा टायर. जाड आणि वजनदार, कापायला अवघड, पण गाडी बैलगाडीसारखी चालते आणि हवाही जास्त लागते. घरच्या एसयूव्हीला सहसा गरज नसते.

टायरवर डोंगराच्या आकारात हिमकणाचं चिन्ह दिसलं तर त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. ते बर्फातल्या पकडीचं प्रमाणपत्र आहे. महाबळेश्वरला कितीही थंडी पडली तरी आपल्याला त्याचा उपयोग नाही.

आता नावं. देशी कंपन्यांत अपोलोचा ॲप्टेरा एटी २, सिएटचा क्रॉसड्राइव्ह एटी, जेकेचा रेंजर एटी आणि एमआरएफचा वाँडरर हे सहज कानावर येतील. वाँडररच्या बाबतीत जपून, त्या एका नावाखाली वेगवेगळ्या नक्षी येतात. योकोहामाचा जिओलँडर एटी सौम्य गटातला, रस्त्यावर शांत. मिशलिनच्या मालकीच्या बीएफगुडरिचचा केओ २ हा राकट गटातला. सायडवॉल तीन थरांची, नाव मोठं, किंमतही तशीच. पैसे मोजून-मापून असतील तर तो विसरा. त्याच पैशात पाच देशी टायर, कॉम्प्रेसर आणि वर राजगडाच्या पायथ्याला पिठलं-भाकरी होते.

एक व्यवहाराची बाब. जून २०२० पासून परदेशी टायरच्या आयातीवर सरकारने परवान्याचं बंधन घातलं. त्यामुळे काही आयात मापं आज दुकानात दिसतात आणि सहा महिन्यांनी दिसत नाहीत. उद्या दगडाने एक टायर फाटला तर तोच एक टायर पुन्हा मिळायला हवा. दुकानदाराला सरळ विचारा, "दादा, वर्षभराने हाच एक नग लागला तर मिळेल का?" उत्तर देताना तो थोडा अडखळला तर काय समजायचं ते समजा.

३. माप

ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर असतो. त्यावर माप आणि हवेचा दाब दोन्ही असतं. माझ्या गाडीचं माप २१५/६५ आर १६. म्हणजे टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, सायडवॉलची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि रिम १६ इंची. पुढे ९८ एच असं काहीतरी असतं. ९८ हा वजनाचा आकडा, त्याचा अर्थ एक टायर ७५० किलो पेलतो. ९५ म्हणजे ६९०, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००. कंपनीने दिलेल्यापेक्षा हा आकडा कमी असलेला टायर कधीही घ्यायचा नाही, कितीही स्वस्त पडला तरी. शेवटचं अक्षर वेगाचं: एस १८०, टी १९०, एच २१० किलोमीटर ताशी. एटी टायरवर हे अक्षर बऱ्याचदा एक-दोन पायऱ्या खालचं असतं. गाडीच्या पुस्तिकेत काय चालतं ते बघून घ्या. द्रुतगती मार्गावर कारची मर्यादाच १०० आहे हेही ध्यानात असू द्या.

मग येतो मोह: एक माप मोठं घालायचा. गाडी उंच दिसते, फोटो छान येतो. हिशोब करून बघा. २१५/६५ आर १६ चा व्यास साधारण ६८६ मिलिमीटर. २१५/७० घातला तर ७०७. तीन टक्क्यांनी मोठा. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा तीन किलोमीटर जास्त धावत असेल, एवढं चालून जातं. पण बोलेरोच्या २१५/७५ आर १५ ऐवजी २३५/७५ घातला तर फरक चार टक्क्यांच्या वर जातो. पिकअप मंदावतो, क्लचवर ताण येतो आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लॅस्टिकला घासायला लागतो. आमच्या सोसायटीत एकाने असे टायर घातले. एकटा असताना ठीक. घरचे पाच जण बसले आणि स्पीडब्रेकर आला की मागून खर्रर्र. शेवटी सासूबाई रिक्षाने यायला लागल्या.

कायद्याचा भागही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधन आहे, आणि कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर नेणारे बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. अपघात झालाच तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला बोट ठेवायला जागा कशाला द्यायची? कंपनीने दिलेलं माप, किंवा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनीनेच दिलेलं माप, याच्या बाहेर जाऊ नका.

त्या दुसऱ्या व्हेरियंटमध्येच पैसे वाचवायची एक युक्ती आहे. रिम जितकी मोठी तितका टायर सहसा महाग आणि सायडवॉल पातळ. थार २०२० मध्ये आली तेव्हा वरच्या व्हेरियंटला २५५/६५ आर १८ होते आणि खालच्या एएक्सला २४५/७५ आर १६. दोन्हींच्या व्यासात फरक दोन टक्क्यांहून कमी. ज्यांना खरोखर दगडात जायचंय असे काही जण मोठ्या अलॉय विकून लहान रिम घेतात. आपल्या गाडीच्या खालच्या व्हेरियंटला काय माप येतं ते बघा. ती रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे मात्र प्रत्यक्ष चाक चढवून, हाताने फिरवून बघायचं.

४. खरा खर्च

नवखा माणूस एका टायरची किंमत विचारतो आणि चाराने गुणतो. पाचाने गुणा. स्टेपनी जुन्या एचटीची ठेवली आणि जंगलात एक टायर फाटला, तर तीन एटी आणि एक एचटी अशी गाडी घरी आणावी लागते. टू-व्हील ड्राइव्हला ते जेमतेम चालतं. फोर-व्हील लावून चालवणार असाल तर वेगळ्या घेराची चाकं गिअरच्या यंत्रणेला भांडायला लावतात.

समजा तुमच्या मापाचा टायर ९,००० ला पडतो. पाचाचे ४५,०००. त्यात फिटिंग, बॅलन्सिंग, नवे वॉल्व्ह आणि अलाइनमेंट मिळून अडीच-तीन हजार मिळवा. जुन्या टायरचे एक्स्चेंजमध्ये काही परत येतील. हा झाला पहिला खर्च.

दुसरा खर्च पंपावर होतो. एटी टायर जड असतो आणि डांबरावर जास्त अडतो. माझं ॲव्हरेज पाचेक टक्क्यांनी पडलं. वर्षाला १४,००० किलोमीटर आणि लिटरला १५ चं ॲव्हरेज धरलं, तर पाच टक्क्यांच्या घसरणीने साधारण ४९ लिटर डिझेल जास्त लागतं. लिटरला ९० रुपये धरले तर वर्षाला ४,४०० रुपये, चार वर्षांत साडेसतरा हजार. म्हणजे दोन टायरची किंमत नुसती धुरात. हा आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि मग पहिल्या पानावरचं ते 'शंभरात किती' पुन्हा वाचा.

किमतीची चौकशी करताना जुन्या पोस्ट, जुने व्हिडिओ यांवर विसंबू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. त्याआधीच्या भावावर कोणी 'खास तुमच्यासाठी' सवलत देत असेल तर ती सवलत सरकारची आहे.

पैसे कमी असतील तर कुठे वाचवायचे? एक जागा माझ्या आवडीची आहे. नवी थार किंवा तत्सम गाडी घेऊन पहिल्याच आठवड्यात टायर बदलणारे हौशी लोक पुण्यात कमी नाहीत. त्यांचे काढलेले टायर, शे-दोनशे किलोमीटर चाललेले, दुकानाच्या कोपऱ्यात पडलेले असतात. माप जुळत असेल तर याच्यासारखा सौदा नाही. दुसरं म्हणजे कंपनी कुठली हे थोडं सैल सोडा. सौम्य एटीमध्ये दोन चांगल्या देशी टायरमधला फरक तुम्हाआम्हाला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कळणार नाही. पाचशे रुपयांचा फरक मात्र कळतो.

कुठे वाचवायचे नाहीत तेही ऐका. रिमोल्ड केलेले, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेले, टायर नकोत. झिजलेल्या टायरवर ब्लेडने नक्षी कोरून विकतात, ते तर बिलकुल नकोत. पुढे एक कंपनी आणि मागे दुसरी, असंही नको. दोनच टायरचे पैसे असतील तर त्याच नक्षीचे दोन घ्या आणि नवे मागे घाला, गाडी पुढून ओढणारी असली तरी. ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर नवख्याला गाडी सावरता येत नाही.

५. दुकानात

नाना पेठेत जा, सातारा रस्त्याला जा, चिंचवडला जा, तीन ठिकाणी भाव घ्या. फोनवर माप सांगून 'फिटिंगसकट शेवटचा भाव' विचारायचा. पुण्यात या प्रश्नाला कोणी रागावत नाही, उलट न विचारणाऱ्याकडे बघतात.

टायर समोर आला की सायडवॉलवर चार आकड्यांचा शिक्का शोधा. २३२५ असेल तर टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. हा शिक्का बहुधा एकाच बाजूला असतो, त्यामुळे टायर उलटा करून बघावा लागेल. माझा पहिला सेट 'आजच गाडीतून उतरवलाय' म्हणून मिळाला होता. घरी येऊन बघितलं तर तीन वर्षं जुना. परत गेलो तर उत्तर मिळालं, "साहेब, रबर काय दूध आहे का नासायला?" रबर नासत नाही, पण कडक होतं, आणि कडक रबर ओल्यात घसरतं. सहा महिन्यांच्या आतला मागा. वर्षाच्या आतला असेल तर भाव कमी करून घ्या. त्यापेक्षा जुना असेल तर नमस्कार. पाचही नगांवर तारीख बघायची, एकावर नाही.

त्याबरोबर आयएसआयचं चिन्ह बघा. देशात विकल्या जाणाऱ्या कार-टायरवर ते सक्तीचं आहे, आयात केलेल्यांवरसुद्धा. बिल पक्कं घ्या आणि त्यावर प्रत्येक टायरचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली तर त्याच कागदाला किंमत असते.

फिटिंग चालू असताना चहाला जाऊ नका, तिथेच उभे राहा. टायरवर बाण असेल तर तो पुढच्या दिशेला हवा, 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर हवी. वॉल्व्ह नवा बसवलाय ना बघा, जुना तसाच ठेवायची सवय फार आहे. एका चाकाला बॅलन्सिंगची वजनं ढिगाने लागत असतील तर टायर रिमवर थोडा फिरवून पुन्हा बसवायला सांगा, बऱ्याचदा निम्मी वजनं कमी होतात. नट हवेच्या गनने हलकेच बसवून शेवटचा पीळ हाताच्या पान्याने द्यायला सांगा. गननेच गच्च आवळलेले नट ताम्हिणीच्या पावसात कंबर मोडेपर्यंत सुटत नाहीत. पोरगा थोडा कुरकुरेल. त्याला चहाचे पैसे द्या, काम चोख होईल.

६. घातल्यानंतर

पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून. नव्या टायरवर कारखान्याच्या साच्यातला तेलकट थर असतो, तो घासून जाईपर्यंत पकड अपुरी असते. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की नट एकदा पुन्हा आवळा.

हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर गार असताना. पंपावरच्या मीटरवर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून स्वतःचा गेज ठेवलाय. दगडगोट्यांच्या वाटेवर शिरताना मी ३३ पीएसआयवरून २७-२८ वर येतो. टायर थोडा मऊ झाला की धोंड्याभोवती दबतो, गाडी उडत नाही. पण वेग पंधरा-वीसच्या पुढे न्यायचा नाही, आणि डांबर लागायच्या आत पुन्हा हवा भरायची. कमी हवेत हायवेला पळवलं तर सायडवॉल तापून फुटतो. यासाठी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडीत हवाच. तो घ्यायला पैसे नसतील तर टायर एक पायरी स्वस्त घ्या, पण कॉम्प्रेसर घ्या.

बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या खोल चाकोरीत टायर घालू नका. चाकोरीच्या कडेचा दगड सायडवॉलला चिरतो. केळदकडे जाताना माझा दुसऱ्या सेटमधला एक टायर असाच गेला, अंगठा जाईल एवढी चीर. सायडवॉलची चीर कुठल्याही पंक्चरवाल्याच्या पट्टीने टिकत नाही. कोणी 'होऊन जाईल' म्हणाला तरी स्टेपनीच लावायची. ट्रेडमधल्या खिळ्याला मात्र आतून मशरूम पॅच मारून घेतला की टायर पुढे बिनघोर चालतो.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करा आणि स्टेपनीचं रिम इतर चार चाकांसारखंच असेल तर तिलाही फेऱ्यात घ्या. एटी टायर अदलाबदल न करता चालवला की ठोकळे एका बाजूने झिजतात, मग ऐंशीच्या वेगाला गाडीत भुंगा शिरल्यासारखा आवाज येतो. आईला वाटलं होतं गाडीचं इंजिनच गेलं.

नक्षीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. तिथपर्यंत झिजला की टायर कायद्यानेही संपला. पण ओल्यातली पकड त्याच्या बरीच आधी जाते. तीन मिलिमीटरवर आलेला सेट घेऊन मी पावसाळ्यात शिरत नाही. त्यामुळे मोजमाप एप्रिलमध्येच करतो, मे महिन्यात खरेदी, आणि जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत नव्या टायरचा तेलकटपणा निघून गेलेला असतो.

आणि फटींमध्ये खडी अडकते. घरी आलात की जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन ती उचकटून टाका, टोकदार खडा आत आत रुतत जातो. आमच्याकडे हे काम रविवारी सकाळी धाकटा करतो, एका खड्याला एक रुपया या दराने. मागच्या जुलैमध्ये वेल्ह्याहून आल्यावर त्याने त्रेसष्ट रुपये वसूल केले.